आभासी केबिन, खरी माणसं

भोसरी-चाकण पट्ट्यात औद्योगिक डिझाइनचं काम करताना माझा बराचसा वेळ केबिनमध्ये गेला आहे. ट्रॅक्टरच्या, बसच्या, ऊसतोडणी यंत्राच्या. माणूस जिथे आठ-दहा तास बसून राबतो, ती चार-पाच फुटांची जागा. अशी केबिन लोखंडात घडवण्याआधी तिचा पूर्ण आकाराचा नमुना करावा लागतो. पूर्वी तो प्लायवूड, एमडीएफ आणि चौकोनी पाइपांचा असायचा. तो उभा करायला काही आठवडे जायचे, आणि एवढं झाल्यावर कुणी म्हणालं, की समोरच्या काचेचा खांब दोन इंच मागे घ्या, तर सुतार हत्यारं खाली ठेवून नुसता बघत राहायचा. आता तोच खांब दुपारच्या चहाच्या आत मागे सरकतो. कारण तो संगणकात असतो, आणि ड्रायव्हर डोळ्यांवर हेडसेट चढवून जवळजवळ रिकाम्या खोलीत बसलेला असतो.

कल्पना जुनीच आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा बनवला, तो इतका अवजड होता की छताला टांगावा लागला. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात भिंतींवर त्रिमित चित्रं पाडणारी ‘केव्ह’ नावाची खोली लोकांसमोर आली, आणि मोठ्या मोटार कंपन्यांनी पुढे तसल्या खोल्या बांधल्या. आमच्यासारख्या लहान स्टुडिओला हे परवडायला लागलं ते २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी वाइव्ह बाजारात आल्यावर. तेव्हापासून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात यातलं फारसं सापडणार नाही.

१. आधी प्रश्न लिहा, मग हेडसेट बाहेर काढा

व्हीआरला, म्हणजे हेडसेटमधल्या या आभासी जगाला, काही प्रश्न विचारावेत आणि काही विचारूच नयेत. ड्रायव्हरला कुठून काय दिसतं, काय झाकलं जातं, हात कुठवर पोचतो, चढता-उतरताना डोकं कुठे आपटेल, दोन माणसं एका वेळी त्या जागेत मावतील का, कामाचा क्रम लक्षात राहतो का, हे खुशाल विचारा. वस्तू जड आहे का, तापते का, पकड घसरते का, खटका नीट बसतो का, क्लच दाबून दाबून पाय भरून येतो का, हे विचारू नका. दिसणं आणि जागा या दोन गोष्टींत व्हीआर पक्कं आहे. वजन, जोर, कंप आणि स्पर्श यांच्याबाबत ते मुकं आहे.

घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कारखानदाराला मिक्सरच्या भांड्याचं झाकण व्हीआरमध्ये तपासून हवं होतं. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी हेडसेट लावून पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना सगळंच व्हीआरमध्ये हवं होतं. झाकण बसलं की नाही हे मनगटाला कळतं, डोळ्यांना नाही. आम्ही वेगवेगळ्या खाचांची झाकणं थ्रीडी प्रिंटरवर काढली आणि ती बायकांनी ओल्या, तेलकट हातांनी लावून पाहिली. दुपारपर्यंत निकाल हातात होता.

माझा हिशेब साधा आहे. हातात मावणारी वस्तू हातात द्या. माणूस जिच्यात मावतो ती वस्तू व्हीआरमध्ये दाखवा.

२. ‘छान आहे’ याची नोंद करू नका

चाचणीला बोलावलेला माणूस स्वतःला पाहुणा समजतो, आणि पाहुणा यजमानाच्या भाजीला नावं ठेवत नाही. त्यात त्याने हेडसेट पहिल्यांदाच लावलेला असला तर तो केबिनवर नाही, हेडसेटवरच खूश असतो. ‘मस्त आहे मॅडम, एकदम खरं वाटतंय’ या वाक्यात आपल्या कामाचं काहीच नसतं.

शरीर मात्र भिडस्त नसतं. बसच्या एका केबिनची चाचणी चालू होती. अनुभवी ड्रायव्हर होते, प्रत्येकाला विचारलं, चौकात उजवीकडे वळताना नीट दिसतं का? सगळ्यांचं एकच उत्तर, ‘दिसतंय की.’ हेडसेट स्वतःची जागा आणि दिशा सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा टिपत असतो. ती नोंद आलेखावर काढली, तर प्रत्येक उजव्या वळणाला प्रत्येकाचं डोकं वीतभर पुढे आणि मग डावीकडे गेलेलं. उजव्या खांबाआड लपणारा पादचारी शोधण्यासाठी ते सगळे वाकत होते. आलेख दाखवल्यावर एकजण म्हणाले, ‘एवढं तर वाकावंच लागतं.’ वर्षानुवर्षं वाकून वाकून ते वाकणं त्यांच्या लेखी नोकरीचाच भाग झालं होतं. ज्याची सवय झाली त्याची तक्रार कुणी करत नाही, आणि म्हणून प्रश्नावलीत ती कधी उमटत नाही.

व्हीआरची खरी कमाई माझ्या मते हीच. चित्र कितीही झकास असो, फुकटात हाती लागणारी ही डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींची नोंद अधिक मोलाची आहे. सोबत खोलीत दोन कॅमेरे लावा, एक बाजूने आणि एक मागून, आणि ड्रायव्हरला जे दिसतं तेही रेकॉर्ड करा. तिन्ही चित्रं एकत्र पाहिली की कोण कशासाठी वाकलं ते कळतं.

३. पहिली दहा मिनिटं वाया घालवा

हेडसेट चढवल्यावर माणूस आधी छताकडे बघतो, मग स्वतःच्या हातांकडे, मग खाली बघून विचारतो, ‘माझे पाय कुठे गेले?’ हे कुतूहल आटोपेपर्यंत केबिन दाखवूच नये. आम्ही एक अंगण बनवलं आहे. त्यात चेंडू फेकता येतो, कोंबड्या फिरतात, बाजेभोवती चालता येतं. कामाशी त्याचा काडीचा संबंध नाही. माणूस कोंबड्यांना कंटाळला की चाचणी सुरू.

हातात धरायच्या कंट्रोलरची बटणं शिकवण्यात मात्र मी आता वेळ घालवत नाही. ज्यांनी आयुष्यभर लिव्हर ओढले त्यांच्या तर्जनीला ट्रिगर परका असतो, आणि बटणाचा गोंधळ वस्तूच्या खात्यावर लिहिला जातो. हेडसेटच्या कॅमेऱ्यांना नुसते उघडे हात ओळखता येतात, पण हात कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेला की तो चित्रातून गायब होतो. सगळ्यात बरा उपाय जुनाच आहे, ‘विझार्ड ऑफ ओझ’ पद्धत: माणसाने लिव्हरकडे हात न्यावा, आणि पलीकडे संगणकावर बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने गुपचूप तो लिव्हर हलवावा. चाचणी संपल्यावर मात्र पडद्यामागचा हा माणूस दाखवून टाकावा. सगळे हसतात, आणि त्यानंतर अधिक मोकळेपणाने बोलतात.

४. जिथे शरीर टेकतं तिथे खरी वस्तू ठेवा

आभासी टेबलावर हात टेकून उठायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. आभासी फळीवर कंट्रोलर ठेवून तो फरशीवर पाडणारी तर कितीतरी. डोळ्यांनी एकदा विश्वास ठेवला की शरीर शंका घेत नाही. तेव्हा पडापडी टाळण्यासाठी आणि त्याहून अधिक चाचणी खरी होण्यासाठी, सीट, स्टिअरिंग, पेडल आणि चढताना धरायची दांडी या चार गोष्टी आम्ही खऱ्या ठेवतो. भंगारातून आणलेली सीट, पाइपाच्या सांगाड्यावर बसवलेलं स्टिअरिंग, बाकी सगळं हवेत. मोटारींच्या धंद्यात असल्या सांगाड्याला सीटिंग बक म्हणतात. पूर्वी त्याला दरवाजे, छत, डॅशबोर्ड सगळं लावावं लागे, आता सांगाडा पुरतो.

थोडासा खरा स्पर्श किती काम करतो याचा एक सुंदर प्रयोग नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मीहान, इन्स्को, ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आभासी खोल खड्ड्याच्या काठावर माणसं उभी केली. ज्यांच्या पायाखाली जेमतेम दीड इंच उंचीची खरी लाकडी कड होती, त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वाढले. दीड इंचाचं लाकूड, बाकी सगळं चित्र.

एक पथ्य मात्र आहे. खरं स्टिअरिंग आणि दिसणारं स्टिअरिंग अगदी एकाच जागी हवं. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी हात चाचपडतो आणि मग माणूस प्रत्येक गोष्ट चाचपडतच करतो. दर माणसानंतर जुळणी तपासा. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते कुणा एकाच्या अंगावर नावानिशी टाकल्याशिवाय होत नाही.

५. हेडसेटचा दोष वस्तूच्या माथी मारू नका

माणसाला मान न हलवता आडवं दोनशे अंशांच्या आसपास दिसतं. साधारण हेडसेट शंभर-एकशेदहा अंश दाखवतो. म्हणजे घोड्याला झापडं लावतात तसं काहीसं. ड्रायव्हर डोळ्याच्या कोपऱ्यातून आरसा बघत असतो. हेडसेटमध्ये तो कोपराच नसतो, म्हणून त्याला मान वळवावी लागते. अहवालात ‘आरसा गैरसोयीच्या जागी आहे’ असं लिहिलं गेलं तर तो आरशावर अन्याय आहे.

अंतराचंही तसंच. हेडसेटमध्ये वस्तू आहेत त्यापेक्षा जवळ भासतात हे संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे; नव्या हेडसेटमध्ये हा फरक कमी झाला, पण गेला नाही. ‘केबिन अंगावर येते’ ही तक्रार त्यामुळे एकटी घेऊन चालत नाही. आम्ही नेहमी आजच्या, रस्त्यावर धावणाऱ्या केबिनचंही मॉडेल करतो आणि दोन्हींत माणसाला बसवतो. जुनी अंगावर येत नाही आणि नवी येते, असं झालं तर काही अर्थ आहे. व्हीआरमध्ये तुलना करावी, मोजमाप टेपने करावं.

मीटरवरचे आकडे वाचता येतात का, हा प्रश्न तर हेडसेटला विचारूच नका. पहिल्या वाइव्हमध्ये एका डोळ्याला १०८० गुणिले १२०० ठिपके होते. त्यानंतर ठिपके पुष्कळ वाढले, तरी बारीक अक्षराचा निकाल द्यायला ते पुरेसे नाहीत. कागदावर मूळ आकारात छापा आणि स्टिअरिंगमागे चिकटवा. आणखी एक बारीक गोष्ट: प्रत्येकाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर वेगळं असतं, आणि भिंगं त्याप्रमाणे सरकवावी लागतात. क्वेस्ट २ मध्ये त्याला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा होत्या. हे न जुळवता घेतलेल्या चाचणीत डोकेदुखी मिळते, माहिती मिळत नाही.

६. मेकॅनिकला आत बसवा

नव्या वस्तूची चाचणी म्हटलं की सगळ्यांना गिऱ्हाईक आठवतं. ती वस्तू पुढची पंधरा वर्षं दुरुस्त करणारा माणूस कुणाला आठवत नाही. व्हीआरचा पैसा सगळ्यात लवकर वसूल होतो तो माझ्या अनुभवात इथेच. ऑइल फिल्टर काढायला हात आत जातो का? बोल्ट दिसतो का, की बोटांनी चाचपून शोधायचा? पाना फिरवायला जागा आहे का, की दर वेळी पाना काढून पुन्हा लावायचा? रेखाचित्रावर हे प्रश्न कुणाला सुचत नाहीत. अनुभवी मेकॅनिकला आभासी इंजिनासमोर उभं केलं की तो काही न विचारता खाली वाकतो, मान तिरकी करतो आणि सांगतो, ‘हे उघडायला आधी ते काढावं लागणार.’ इंजिनिअर मंडळी शेजारी उभी असतात. त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण इथे एक सापळा आहे. आभासी लोखंडातून हात आरपार जातो. त्यासाठी हात कशालाही लागला की तो भाग लाल व्हावा, कंट्रोलर थरथरावा, अशी सोय करतात. तेवढ्याने भागत नाही. कारण व्हीआरला पंजा कुठे आहे ते माहीत असतं, कोपर कुठे आहे ते ते अंदाजाने ठरवतं. पंजा फिल्टरपर्यंत पोचला, सगळं हिरवं दिसलं, आणि प्रत्यक्षात कोपर चासीला अडतंय, असं होऊ शकतं. म्हणून दुरुस्तीच्या चाचणीत कोपरालाही वेगळा ट्रॅकर बांधावा. तो नसेल तर चासीच्या जागी पुठ्ठ्याचा खोका ठेवावा. खोका कोपराशी खोटं बोलत नाही.

मेकॅनिकला बोलावताना त्याचा दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवा. पैसे आधी ठरवा, त्याच दिवशी द्या. चहा-बिस्किटांवर चाचण्या उरकणाऱ्या लोकांचा मला राग येतो.

७. चक्कर येणाऱ्या माणसाला दुचाकीवर बसवू नका

डोळे म्हणतात गाडी चालली आहे, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं आपण बसलो आहोत. या भांडणात पोट ढवळतं. वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्ये हा त्रास आधीच ओळखीचा होता. त्यासाठी केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सोळा लक्षणांची प्रश्नावली तयार केली; आजही तीच वापरतात. ती चाचणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्यावी. आधी का? कारण काही माणसं घाटातून एसटीने आलेली असतात आणि मळमळ सोबत घेऊनच येतात.

आम्ही शक्यतो गाडी चालवायला लावत नाही. उभ्या केबिनमध्ये निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतात. एका बैठकीला वीस मिनिटांच्या वर जात नाही. चित्र अडखळायला लागलं की चाचणी थांबवतो. आणि ज्याला मळमळलं त्याने केबिनला दिलेले गुण बाजूला ठेवतो, कारण पोट ढवळत असताना माणसाला राजवाडाही आवडत नाही.

चाचणीनंतर माणसाला अर्धा तास बसवून ठेवा. आपल्याकडे चाचणीला येणारी बहुतेक माणसं दुचाकीवर येतात. लिंबू-पाणी द्या, गप्पा मारा, मग किल्ली हातात द्या.

८. टोपी, गजरा आणि टिकली

हेडसेट बनवणाऱ्यांनी कपाळ नेहमी रिकामं गृहीत धरलेलं असतं. आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोक्यावर टोपी असते, कपाळावर बुक्का असतो, गंध असतं. बायकांच्या कपाळावर टिकली असते, मागे अंबाडा आणि अंबाड्यावर गजरा. हेडसेटचा पट्टा नेमका तिथेच बसतो. ‘काका, टोपी जरा बाजूला ठेवू का? इथेच ठेवते, स्वच्छ रुमालावर,’ असं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. न विचारता कुणाच्या डोक्याला हात घातलात तर ते पुढे तुमच्याशी बोलतील, पण खरं बोलणार नाहीत. बायकांना हेडसेट बायकांनीच चढवावा. आतला स्पंज दर माणसानंतर बदलावा. मे महिन्यात तर त्याला पर्याय नाही.

माणसं निवडताना उंचीकडे बघा. भारतीय शरीरमापांचं देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने (एनआयडी) १९९७ मध्ये काढलं. आमच्या टेबलावर ते कायम असतं. व्हीआरमध्ये उंच डिझाइनरची नजर खाली आणून त्याला पाच फुटी माणसाच्या डोळ्यांनी केबिन दाखवता येते, आणि प्रत्येक डिझाइनरला एकदा तरी ती दाखवावी. मात्र नजर खाली आली तरी त्याचे हात लांबच राहतात. हात पोचण्याची चाचणी खरोखर बुटक्या माणसाकडूनच करून घ्या.

९. मॉडेल करडंच बरं

चकचकीत रंग, चामड्याची शिवण, काचेत पडलेलं आभाळ असं सगळं दाखवलं की लोक गप्प होतात; त्यांना वाटतं, झालं आहे सगळं, आता आपण काय बोलायचं? जागेच्या आणि दिसण्याच्या चाचणीला आम्ही सपाट करडं मॉडेल ठेवतो. विक्री विभागाला ते आवडत नाही. त्यांच्यासाठी रंगीत वेगळं करावं आणि ते चाचणीच्या खोलीत येऊ देऊ नये.

इंजिनिअरचं कॅड मॉडेल जसंच्या तसं हेडसेटमध्ये चालत नाही, हेही सांगून ठेवते. त्यात बोल्टचे आटेसुद्धा कोरलेले असतात. न दिसणारे भाग काढून, पृष्ठभाग साधे करून ते हलकं करावं लागतं, आणि यात दिवस जातात. कोटेशन देताना हे दिवस धरायला बहुतेक जण विसरतात.

१०. खोलीत एकच आवाज असू द्या

हेडसेट लावलेल्या माणसाला खोली दिसत नाही. मागे तीन मॅनेजर कुजबुजत असले तर त्याला ते आपल्याबद्दलच वाटतं. चाचणी घेणारा एकच, बोलणारा तोच, उभं राहण्याची जागा आधी सांगितलेली. हात लावायचा असेल तर आधी तोंडाने सांगायचं.

आणि संमती नीट घ्या. हालचालींची नोंद निरुपद्रवी वाटते, पण तशी नाही. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की ५११ माणसांमधून नेमका माणूस त्याच्या पाच मिनिटांहून कमी हालचालींवरून ९५ टक्के वेळा ओळखता येतो. नाव पुसलं म्हणजे माणूस पुसला, असं होत नाही. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. कंपनीने कच्ची नोंद मागितली तर आम्ही आलेख देतो, नोंद देत नाही.

११. पाच माणसांचे टक्के काढू नका

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी सांगितलेली पाच माणसांची चाचणी अडचणी शोधण्यासाठी आहे. ‘८० टक्के वापरकर्त्यांना नवी केबिन पसंत’ असं वाक्य पाहिलं की मी आधी विचारते, माणसं किती? पाच असतील तर ते चार जण आहेत. चार जण असंच लिहा.

१२. जे प्रत्यक्षात दाखवू नये ते इथे दाखवता येतं

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागच्या औजाराला ताकद पुरवणारा दांडा, फिरत असताना तो ओलांडून पलीकडे जायची सवय शेतात सर्रास दिसते. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात गेला तर काय होतं हे सांगायला नको. खऱ्या शाफ्टवर ही चाचणी कोण घेणार? व्हीआरमध्ये घेता येते. मोकळ्या खोलीत माणसाला आभासी ट्रॅक्टर आणि त्यामागचं औजार देऊन काम सांगायचं, आणि तो कोणत्या वाटेने चालतो ते टिपायचं. शाफ्ट ओलांडणाऱ्यांना उपदेश करण्यात अर्थ नसतो. ते ओलांडतात कारण औजाराची झडप पलीकडे बसवलेली असते. झडप अलीकडे आणली की ओलांडायचं कारणच उरत नाही. अपघात मात्र शेवटपर्यंत दाखवू नये. समोरचा माणूस कदाचित तो घरात भोगून आलेला असतो.

ऊसहंगामात रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांसाठी मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर कुठे लावावेत, हेही असंच बघता येतं. किती अंतरावरून दिसतात हे नाही, कारण हेडसेटच्या पडद्याचा उजेड खऱ्या हेडलाइटच्या जवळपासही जात नाही. ते रस्त्यावरच तपासा, रस्ता बंद करून.

१३. सुरुवात जुन्या वस्तूपासून करा

हे सगळं वाचून कुणा लघुउद्योजकाला किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्याला हेडसेट घ्यावासा वाटत असेल, तर आधी भाड्याने आणा. आणि नवी वस्तू त्यात घालण्याआधी तुमची एखादी जुनी वस्तू घाला, जिच्या तक्रारी तुम्हाला तोंडपाठ आहेत: दार लागत नाही, आरसा झाकला जातो, फिल्टर काढता येत नाही. त्या वस्तूविषयी काहीही माहीत नसलेल्या माणसांना बोलावून चाचणी घ्या. माहीत असलेल्या तक्रारींपैकी किती त्यातून वर येतात ते मोजा. ज्या आल्या, तेवढ्यापुरताच तुमच्या व्हीआरवर विश्वास ठेवा. ज्या आल्या नाहीत, त्यांच्यासाठी सुताराला फोन करा, आणि डाय बनवायची ऑर्डर तोवर देऊ नका.